इमाम चारच का?

प्रश्न: आम्ही कोकणातले, म्हणून शाफई. सासर मराठवाड्यातलं, तिकडे सगळे हनफी. नमाजमधले बारीकसारीक फरक बघून मुलगी विचारते, चार इमामांनी बसून चार मजहब (हनफी, मालिकी, शाफई, हंबली हे धर्मकायद्याचे पंथ, प्रत्येक एकेका इमामाच्या, म्हणजे जुन्या धर्मपंडिताच्या नावाचा) काढले का, आणि चारच का? मला काही सांगता येईना.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर: ताई, मुलीचा प्रश्न भारी आहे. इमामांनी तसं काही काढलं नाही हो. इमाम शाफई ८२० साली इजिप्तमध्ये वारले तेव्हा मागे राहिले ते शिष्य आणि ग्रंथ, मजहब म्हणून जे आपण ओळखतो ते पुढच्या शंभरेक वर्षांत शिष्यांच्या शिष्यांनी घडवलं, बगदादच्या इब्न सुरैजचं (मृत्यू ९१८) नाव त्यात मोठं. आणि मग आले चरित्रकार.

अरबीत ‘तबकात’ नावाचा लेखनप्रकार आहे, तबका म्हणजे थर किंवा पिढी. आधी इमाम, मग त्यांचे शिष्य, मग त्यांचे शिष्य, असं पिढीवार लिहीत जायचं, कोण कुणाकडे शिकला, कुठे काझी झाला, कुणाशी वाद घातला, कधी वारला. आपल्याकडे गवयाचं घराणं सांगतात ना, कुणाचा गंडा बांधला वगैरे, साधारण तसंच, फक्त इथे त्या साखळीवर फतव्याचं वजन ठरायचं. यादीत नाव आलं की माणूस ‘आपला’!

आणि ओढाताण तर विचारूच नका. इमाम अहमद बिन हंबल हे शाफईंकडे शिकलेले, म्हणून सुबकींनी (मृत्यू १३७०) त्यांना शाफईंच्या यादीत घातलं. पण त्याआधीच इब्न अबी यालांनी (मृत्यू ११३१) हंबलींच्या यादीत खुद्द शाफईंनाच बसवलं होतं!! हदीसवाले, म्हणजे पैगंबरांची वचनं जमवणारे बुखारी तर दोन्हीकडे सापडतात. मला तरी ही सरळसरळ मोठी नावं आपल्या घरात ओढायची चढाओढ वाटते, म्हणून ही चरित्रं वाचताना कोणी लिहिलंय ते आधी बघायचं.

आता चारच का? मुळात चार नव्हतेच. बगदादच्या निझामिया मदरशात शिकवणारे अबू इसहाक शिराझी (मृत्यू १०८३) यांच्या यादीत पाच आहेत, पाचवे जाहिरी, म्हणजे शब्दशः अर्थ घेणारे, जे नंतर मागे पडले. इजिप्तचे लैस बिन साद (मृत्यू ७९१) तर इमाम मालिकपेक्षाही जास्त जाणकार होते, पण शिष्यांनी त्यांना जपलं नाही, असं खुद्द शाफई म्हणाल्याचं सांगतात. लैस यांच्या नावाचा मजहब आज कुठेच नाही.

कोकणात शाफई आले ते समुद्रावरून, अरबी व्यापाऱ्यांबरोबर, आणि मराठवाड्याकडे हनफी आले ते उत्तरेकडून सुलतानांच्या राज्याबरोबर. मुलीला कधी माहीमच्या दर्ग्यात नेलंत तर सांगा, तिथले मखदूम अली माहिमी (मृत्यू १४३१) पण शाफईच.