वाचक विचारतात : पेस्ट कंट्रोलचं कोटेशन वाचताना

प्रश्न : तळमजल्यावरच्या घरात दोन चौकटींना वाळवी लागली आहे. तिघांकडून कोटेशन घेतलं. तिघांनीही दर चौरस फुटावर दिला, पण सगळ्यात कमी रक्कम सगळ्यात जास्त रकमेच्या निम्मीही नाही. तुलना कशी करायची?

चौरस फूट विसरा. वाळवीचं औषध फरशीवर मारायचं नसतं, ते फरशीखालच्या मातीत जायला हवं. म्हणून काम मोजायचं ते भिंतीच्या कडेने, धावत्या फुटात. बांधून झालेल्या इमारतींसाठी आपल्याकडे आयएस 6313 हे मानक आहे, त्याचा भाग 3. त्यानुसार भिंत आणि फरशी मिळते त्या सांध्यालगत दर 300 मिलिमीटरवर, म्हणजे साधारण फुटाफुटावर, 12 मिलिमीटरचं भोक पाडायचं आणि माती घेईल तेवढं द्रावण त्यात सोडायचं. एका भोकाला जास्तीत जास्त एक लिटर.

आता 12 बाय 10 ची एक खोली घ्या. परीघ 44 फूट, म्हणजे साधारण 44 भोकं आणि 44 लिटरपर्यंत द्रावण. औषध इमिडाक्लोप्रिड 30.5 एससी (म्हणजे 30.5 टक्क्यांचं, पाण्यात मिसळायचं दाट द्रव औषध) असेल तर प्रमाण लिटरला 2.1 मिलि, म्हणजे या खोलीला 92 मिलिच्या आसपास मूळ औषध. माती घट्ट असेल तर कमी जाईल, पण अशा तीन खोल्यांचं काम दहा लिटरचा एकच पंप भरून उरकलं, तर झालं ते भिंत ओली करण्याचं काम. कमी दराच्या कोटेशनमध्ये बहुतेक वेळा हेच लपलेलं असतं.

तेव्हा तिघांनाही तेच प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून घ्या : कोणतं औषध, किती टक्क्यांचं, लिटरला किती, भोकं किती, अंतर किती, आणि ती बुजवायची कशाने. मग रकमांची तुलना करायला काही अर्थ राहील.

काम चालू असताना ड्रिलमधून येणारी भुकटी बघा. आधी टाइलची आणि सिमेंटची पांढुरकी-करडी भुकटी येते. बिट, म्हणजे ड्रिलचं पुढचं पातं, मातीत शिरलं की तिचा रंग बदलतो, काळी किंवा तांबडी, जराशी दमट माती वर येऊ लागते. रंग बदललाच नाही तर बिट आखूड आहे. औषध टाइलखालच्या मसाल्यातच अडकतं आणि दोन टाइल सोडून तिसऱ्या सांध्यातून वर येतं. उलट एखादं भोक लिटरभर पिऊनही भरत नसेल तर खाली पोकळी आहे. तिथे ओतत बसण्यात अर्थ नाही, ती जागा खुणेने नोंदवून घ्यावी. नळाचे आणि विजेचे पाइप कुठून गेलेत ते आधीच खडूने आखून द्या. पाइप फुटला तर खर्च कोणाचा, हेही कोटेशनवर यायला हवं.

चौकटींचं काम वेगळं. लाकूड आणि भिंत मिळते तिथे 6 मिलिमीटरची भोकं, खाली उतरती, सुमारे 45 अंशांत पाडून औषध सोडतात. वाळवीने पोखरलेल्या लाकडातच औषध भरायचं असेल तर ते तेलात कालवलेलं लागतं, कारण पाण्यातलं द्रावण लाकडात खोल उतरत नाही. वाळवीने भिंतीवर-लाकडावर केलेल्या मातीच्या नळ्या खरवडून टाकण्याची घाई मात्र आधी करू नका. वाळवी कुठून येते हे तपासणाऱ्याला त्यांवरूनच कळतं.

प्रश्न : परवाना मागितला तर ठेकेदाराने गुमास्ता लायसन्स दाखवलं. ते चालतं का?

नाही. गुमास्ता म्हणजे दुकान-आस्थापना चालवण्याची नोंद. ती किराणा दुकानालाही लागते. व्यावसायिक पेस्ट कंट्रोलसाठी कीटकनाशके अधिनियम 1968 आणि त्याखालच्या 1971 च्या नियमांनुसार वेगळा परवाना लागतो आणि राज्यात तो कृषी विभागाकडून मिळतो. त्यासाठी पदवी लागते, कृषीची किंवा रसायनशास्त्र घेऊन केलेली विज्ञानाची, आणि वर मान्यताप्राप्त संस्थेतलं किमान 15 दिवसांचं प्रशिक्षण. म्हैसूरची सीएफटीआरआय, म्हणजे केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था, ही अशा संस्थांपैकी एक.

परवान्याची प्रत हातात आली की तीन गोष्टी पडताळा : त्यावरचं नाव आणि बिलावरचं नाव एकच आहे का, पत्ता तोच आहे का, आणि मुदत लिहिली असेल तर ती संपलेली नाही ना. दुसऱ्याच्या परवान्याची झेरॉक्स घेऊन फिरणारे कमी नाहीत. घरी फवारणीला येणाऱ्या मुलाकडे स्वतःच्या नावाचा परवाना नसेल, तो असण्याची अपेक्षाही नाही. पण तो कोणाच्या परवान्याखाली काम करतो ते कागदावर दिसलं पाहिजे.

औषधाची मूळ बाटली समोर उघडायला सांगा. लेबल नसलेल्या पाण्याच्या बाटलीतून औषध आलं तर तिथेच थांबवा. लेबलवर तिरका चौकोन असतो आणि त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो : लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. 'हर्बल आहे, काही होत नाही' या वाक्यापेक्षा त्या रंगावर विश्वास ठेवा.

आणखी एक, आणि हे गंभीर आहे. धान्यात ठेवतात त्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात ठेवू देऊ नका, कोणी कितीही खात्री दिली तरी. हवेतल्या दमटपणाने त्यांतून फॉस्फीन वायू निघतो. तो जीवघेणा आहे आणि फटींतून शेजारच्या खोलीत किंवा फ्लॅटमध्येही जातो. या धुरीकरणासाठी परवान्याखेरीज केंद्राच्या वनस्पती संरक्षण सल्लागारांची वेगळी मान्यता लागते. डायक्लोरव्हॉस या कीटकनाशकावर तर 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंदीच आहे. 'जुना स्टॉक आहे, ढेकणांवर जालीम' असं कोणी म्हटलं तरी नको.

प्रश्न : झुरळांसाठी 'जेल प्लस स्प्रे' असं डबल पॅकेज आहे. फायदा होईल का?

स्वयंपाकघरात एकाच वेळी दोन्ही केलं तर तोटाच. जेल हे आमिष आहे, झुरळाने ते येऊन खायला हवं. पायरेथ्रॉइड गटाच्या (सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन अशा औषधांच्या) स्प्रेने झुरळं त्या जागेपासून पळतात आणि जेल न खाताच वाळून जातं. नुसतं जेल पुरेसं असतं, पण ते मोठ्या गोळ्याने नव्हे, बारीक ठिपक्यांनी, जास्त जागी लावायचं : बिजागऱ्यांत, सिंकखाली, फ्रिजच्या मोटरजवळ, गॅसच्या ओट्याखालच्या फटींत. त्या जागा नंतर साबणाच्या फडक्याने पुसू नका. घरातल्या बारीक तपकिरी झुरळाच्या मादीकडे 30 ते 40 अंड्यांची पेटी असते आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत ती पेटी तिच्या अंगालाच असते. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी दुसरी फेरी लागतेच. ती दरात धरली आहे का, एवढं विचारा.

प्रश्न : ढेकणांसाठी फवारणी केली, दोन आठवड्यांत परत दिसले. ठेकेदार पुन्हा पूर्ण पैसे मागतो.

अंड्यांवर बहुतेक फवारे चालत नाहीत आणि अंडी सहा ते दहा दिवसांत फुटतात. एका फेरीत ढेकूण संपत नाहीत, हे ठेकेदाराला माहीत असतं. त्यामुळे 10 ते 15 दिवसांच्या अंतराने दोन-तीन फेऱ्या हा एकाच कामाचा भाग धरायला हवा आणि कोटेशनही तसंच मागायला हवं. तुमच्याकडे लेखी काही नसेल तर भांडण्याला आधार कमी आहे. निदान पुढची फेरी ठरवताना विचारा की औषध तेच का. पायरेथ्रॉइडला ढेकूण बऱ्याच ठिकाणी दाद देत नाहीत, तेव्हा गट बदलायला हवा. तुमच्या बाजूचं काम : पलंगाचे स्क्रू काढून सांधे मोकळे करणं, चादरी-अभ्रे 60 अंशांच्या पाण्यात धुणं आणि गादी दुसऱ्या खोलीत न हलवणं. शेवटची चूक सर्रास होते आणि एका खोलीचं काम दोन खोल्यांचं होतं.

प्रश्न : वार्षिक करार घ्यावा का? बिलावर जीएसटी वेगळा लावला आहे.

झुरळ-मुंग्यांसाठी करार परवडतो, मात्र फेऱ्यांची संख्या आणि तक्रार केल्यावर किती दिवसांत येणार हे त्यात लिहिलेलं हवं. वाळवीची हमी वेगळी घ्या. ती कोणत्या भागाची आणि पुन्हा लागल्यास नेमकं काय करणार, ते तपासा. 'मोफत सेवा' म्हणजे पुन्हा भोकं पाडून औषध सोडणार की नुसता फवारा मारून जाणार, हे आधी ठरलं तर बरं. या सेवेवर जीएसटी 18 टक्के आहे, पण तो लावायचा तर बिलावर जीएसटी क्रमांक हवा. क्रमांक नसताना कर मागितला तर देऊ नका.

प्रश्न : घरात माशांची टाकी आणि मांजर आहे.

पायरेथ्रॉइड माशांना अत्यल्प मात्रेतही मारतात. टाकी हलवता येत नसेल तर झाकून पंप बंद ठेवा, कारण तो खोलीतली हवा पाण्यात ओढतो. पंप किती वेळ बंद चालेल हे आधी बघून काम तेवढ्यात बसवा. याच गटातलं पर्मेथ्रिन मांजरांना सोसत नाही, तेव्हा औषधाचं नाव आदल्या दिवशीच मागून घ्या आणि फवारा पूर्ण वाळेपर्यंत मांजर त्या खोलीत सोडू नका.