नाशिकरोडहून कॅनडातल्या मेट्रो कंट्रोलमध्ये : तुझ्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर

मित्रा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. घर जेलरोडला, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा, ७ वर्षं एका मेट्रोच्या डेपोत रोलिंग स्टॉकच्या (म्हणजे गाड्या-डब्यांच्या) मेंटेनन्सला, वय ३१, बायको फार्मासिस्ट, मुलगी ३ वर्षांची. परदेशात मेट्रोच्या कंट्रोल सेंटरमध्ये गाड्यांच्या मेंटेनन्सचा सुपरवायझर म्हणून थेट लागता येईल का, कॅनडाची वाट कशी आहे आणि आईला नंतर नेता येईल का, असं तू विचारलंस. मी तुझ्याहून १५ वर्षांनी मोठा आणि नाशिकरोडचाच, म्हणून 'तू' म्हणतो.

थेट लागता येणार नाही. हे आधी सांगून टाकतो, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. मी २०१३ ला इथे कॅनडात आलो आणि आज मेट्रोच्या कंट्रोलमध्ये ज्या खुर्चीवर बसतो तिथे पोचायला साडेआठ वर्षं लागली. त्यातली सहा पुन्हा पाना हातात घेऊन गाडीखालच्या पिटमध्ये गेली. नाशकात माझ्या हाताखाली अकरा माणसं होती, इथे मी सगळ्यात नवा. ते मनाला पटवायला जड जातं. ते पटणार नसेल तर येऊ नकोस, असं मी अगदी मनापासून सांगेन. पटणार असेल तर पुढे वाच.

आधी काम काय ते नीट सांगतो. रेल्वेच्या भुसावळ डिव्हिजनच्या कंट्रोलमध्ये टीएलसी (ट्रॅक्शन लोको कंट्रोलर) बसतो, कुठलं इंजिन कुठे आहे, कुठलं फेल झालं, बदली कुठून द्यायची हे बघतो. तू मेट्रोतला आहेस, म्हणजे ओसीसीतला (ऑपरेशन्स कंट्रोल सेंटरमधला) रोलिंग स्टॉक कंट्रोलरही तुला माहीत असेल. माझं काम त्याच जातीचं. एका बाजूला गाड्या सोडणारे कंट्रोलर, दुसऱ्या बाजूला वीज बघणारा, मध्ये मी. लाईनवरच्या कुठल्याही गाडीत बिघाड झाला की रेडिओवर तो माझ्याकडे येतो. गाडी चालत ठेवायची, पुढच्या स्टेशनात रिकामी करायची की मागच्या गाडीने ढकलत न्यायची (कसाऱ्याच्या घाटात बँकर लावतात ना, तसंच समज), हे मी सांगतो. डेपोतल्या फिरत्या मेकॅनिकना कुठे पाठवायचं तेही मीच ठरवतो. शिवाय सकाळच्या गर्दीसाठी किती गाड्या लागणार, डेपोत किती फिट आहेत आणि कुठली कशासाठी अडकलीय, हा हिशेब रात्रभर चालतो.

हात गाडीला लागत नाही, हीच या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट.

एक सकाळ सांगतो. ५ वाजून ४० मिनिटं, बाहेर उणे १८. उघड्यावरच्या स्टेशनात गाडी उभी आणि ऑपरेटर म्हणतो, दरवाजे बंद झाल्याचा दिवा येत नाही. नव्या गाडीतून फॉल्ट कोड थेट माझ्या स्क्रीनवर येतो. ही गाडी जुनी होती. अशा वेळी मला जे दिसतं ते त्या माणसाच्या डोळ्यांतून. गाडी नंबर काय, कुठला डबा, डब्याबाहेरचा दिवा पेटलाय का, कुठल्या बाजूचा? मागची गाडी तीन मिनिटांवर आहे. ही हलली नाही तर ती बोगद्यात थांबणार, आत माणसं खच्चून भरलेली. त्याला दरवाजा पुन्हा उघड-बंद करायला सांगितलं. नाही. मग खाली उतरून दरवाजाच्या खालच्या खाचेत बघायला सांगितलं. लोकांच्या बुटाबरोबर आलेला बर्फ तुडवून तुडवून तिथे बोटाएवढा दगड झाला होता. त्याने किल्लीच्या टोकाने खरवडून काढला, दरवाजा फिरवला, दिवा आला. तीन मिनिटं दहा सेकंद. तेवढ्यात झालं नसतं तर तो एक दरवाजा किल्लीने लॉक करून, पाटी लावून गाडी पुढे काढली असती. एवढ्यावर काम संपत नाही. फेरी झाली की मी ती गाडी डेपोत घ्यायला लावली, कारण उरलेला बर्फ वितळून पाणी स्विचमध्ये उतरलं की तोच दरवाजा संध्याकाळी पुन्हा अडतो.

आता मला सांग, हे खाचेत बघण्याचं सुचलं कुठून? खुर्चीवर बसून नाही सुचत. दोन हिवाळे मी स्वतः त्या खाचा साफ केल्यात. म्हणून इथली पद्धत अशी की कंट्रोलचा माणूस बहुतेक डेपोतूनच वर येतो, ज्येष्ठता, खात्याची परीक्षा आणि कंट्रोलमधलं ट्रेनिंग या वाटेने.

माझे वडील एकलहऱ्याच्या ट्रॅक्शन मशीन वर्कशॉपमध्ये होते. ट्रॅक्शन मोटर टेस्ट बेंचवर फिरत असताना ते लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या हाऊसिंगवर टेकवायचे आणि मूठ कानाला लावून डोळे मिटायचे. "आधी ऐक, मग खोल," म्हणायचे. मी कंट्रोलमध्ये रोज तेच करतो. ऑपरेटरच्या आवाजामागे चाकाची ठक-ठक लयीत ऐकू आली तर चाक सपाट झालंय. फुस्स असा सलग आवाज असेल तर हवा गळतेय. तो सांगतोय ते एक असतं आणि मागे वाजतंय ते दुसरं.

म्हणून इंग्रजीबद्दल जरा कडक बोलतो. आयईएलटीएसचा स्कोअर कागदाला लागेल, पण रेडिओवरचं इंग्रजी वेगळं. ऑपरेटर जमैकाचा, पंजाबचा, फिलिपिन्सचा, पोर्तुगालचा. त्यात खरखर. तू जे सांगतोस ते त्याने जसंच्या तसं परत म्हणायचं, मग तू 'बरोबर' म्हणायचं, मगच कृती. थर्ड रेलची (रुळाशेजारच्या वीजवाहक तिसऱ्या पट्टीची) वीज बंद झाली हे असं परत म्हणून पक्कं झाल्याशिवाय कुणी रुळावर पाय ठेवत नाही. तुला ओव्हरहेडच्या २५ हजार व्होल्टची सवय असेल. इथे जुन्या मेट्रोत वीज जमिनीलगत आहे, टोरंटोत ६०० व्होल्ट डीसी, माँट्रियलला ७५०. वर बघून वावरणाऱ्याला पायाशी बघायची सवय लावावी लागते.

शब्दही बदलतात. आपण डब्याला बोगी म्हणतो. डेपोत तू बोगी म्हणतोस ती डब्याखालची चाकांची गाडी. इथे तिला ट्रक म्हणतात! पहिल्या वर्षी 'दोन नंबरच्या ट्रकमधून धूर' हे ऐकून मी दोन सेकंद थांबलो होतो. कंट्रोलमध्ये दोन सेकंद फार असतात. डब्याला कार म्हणतात, डेपोला शॉप किंवा कारहाऊस. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रेल्वेत इंजिनिअर हा शब्द इथे गाडी चालवणाऱ्यासाठी वापरतात, आणि एरवी 'प्रोफेशनल इंजिनिअर' व्हायला प्रांताचं लायसन्स लागतं. तुझ्या बायोडेटावर 'ज्युनिअर इंजिनिअर, रोलिंग स्टॉक' असं असेल तर वाचणारा गोंधळतो. पदाचं नाव खोटं लिहायचं नाही, पण खाली पहिल्याच ओळीत काम लिही: दरवाजे, ब्रेक, प्रोपल्शन, एसी यांची देखभाल आणि बिघाडशोध.

आणखी एक गोष्ट, नोंद. १२ ऑक्टोबर २०२१ ला वॉशिंग्टनच्या मेट्रोत ब्लू लाईनवर एक गाडी बोगद्यात रुळावरून उतरली. ॲक्सलवर दाबून बसवलेली चाकं हळूहळू बाहेर सरकली होती. तपासात दोन गोष्टी पुढे आल्या. असं चाक सरकल्याच्या नोंदी २०१७ पासून तपासणीत येत होत्या. आणि तीच गाडी त्याच दिवशी आधीही रुळावरून उतरून पुन्हा आपोआप रुळावर आली होती. त्या मालिकेचे सगळे ७४८ डबे, म्हणजे ताफ्याचा साठ टक्के भाग, सेवेतून काढावा लागला. आमच्याकडे तो अहवाल प्रत्येकाला वाचायला लावला. तेव्हापासून 'काहीतरी खडखडलं, पण आता ठीक आहे' असं कुणी म्हणालं तरी मी वेळ, जागा, डबा नंबर लिहितो आणि गाडीचा आठवड्याचा इतिहास उघडतो. तुझ्या डेपोत आजपासून ही सवय लाव. डिफेक्ट कार्डवर नुसतं 'तपासले, ठीक' लिहून सोडू नकोस, काय मोजलं आणि किती आलं ते लिही.

आता कागद. मी आलो तेव्हाची पद्धत गेली. जानेवारी २०१५ पासून एक्सप्रेस एंट्री आहे, म्हणजे कायमच्या वास्तव्यासाठी गुणांवर निवड. त्यात वयाचे पूर्ण गुण २९ पर्यंत मिळतात, तिशीपासून दर वर्षी कमी होतात आणि ४५ ला शून्य. म्हणजे तुझं एकेक वर्ष महाग आहे. डिप्लोमाचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं, ते ५ वर्षं चालतं. भाषेचा निकाल २ वर्षंच. म्हणून मूल्यमापन आधी, परीक्षा नंतर. बायकोलाही परीक्षेला बसव, तिचे गुण जोडले जातात. पण फार्मासिस्टचं लायसन्स इथे नव्याने मिळवावं लागतं, त्याला वेळ आणि पैसा दोन्ही लागतो, हे तिला आधीच माहीत असू दे. तुझ्या वाटेपेक्षा तिची वाट कठीण आहे आणि तिच्याशी हे बोलल्याशिवाय फॉर्म भरू नकोस.

अनुभवाचं पत्र हा खरा अडथळा. आपल्याकडे एचआर 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत कार्यरत' एवढंच देतं. इथे पद, कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास आणि पगार, सगळं लेटरहेडवर लागतं. तू कंत्राटी कंपनीमार्फत असशील तर आत्ताच मागायला लाग. नोकरी सोडल्यावर दार उघडत नाही.

आणि एजंट. नाशकातल्या एका एजंटने माझ्या चुलतभावाला कॅनडातल्या मेट्रोच्या कंट्रोल रूममधल्या सुपरवायझरच्या नोकरीचं पत्र दिलं, वर मोठी रक्कम घेतली. पत्र बनावट होतं. भावाची दोन वर्षं आणि काकांची द्राक्षाच्या बागेतली बचत गेली. काका आजही तो विषय निघाला की उठून बाहेर जातात. इथे इमिग्रेशनचा सल्ला पैसे घेऊन द्यायचा तर वकील तरी हवा किंवा सल्लागारांच्या कॉलेजचा (त्यांच्या नियामक संस्थेचा) सभासद तरी. यादी उघड आहे, नाव शोधून बघ. तसंही मार्च २०२५ पासून एक्सप्रेस एंट्रीत नोकरीच्या पत्राचे जादा गुण बंद झाले आहेत, म्हणून 'ऑफर लेटर विकत घ्या' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठव.

शहर कुठलं? टोरंटोची मेट्रो १९५४ ची, कॅनडातली पहिली. तिचा गेज (दोन रुळांमधलं अंतर) १४९५ मिलिमीटर, जगात इतरत्र फारसा न सापडणारा. ताफा मोठा, म्हणून डेपोतल्या जागाही जास्त. माँट्रियलच्या गाड्या रबरी टायरवर धावतात, काम सुंदर, पण फ्रेंचशिवाय जाऊ नकोस. व्हँकुव्हरची १९८५ पासून ड्रायव्हरशिवाय चालते. तिथे गाडीत बघणारा माणूसच नाही, म्हणून कंट्रोलचं काम अजून गुंतागुंतीचं. मी कुठे आहे ते इथे लिहीत नाही, नोकरीचे नियम आहेत. पगाराचं म्हणशील तर या संस्थांचे युनियनबरोबरचे करार बहुधा इंटरनेटवर मिळतात आणि त्यात तासाचा दर पदानुसार छापलेला असतो. माझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा तो वाच. शेवटच्या पानांवर शिफ्ट निवडायचे नियमही वाच. सगळं ज्येष्ठतेवर असतं, म्हणून पहिली काही वर्षं रात्रपाळी आणि दिवाळीत सुट्टी नाही, असं धरून चाल.

नाशिकला मेट्रो येईल म्हणून थांबू का, हेही तू शेवटी विचारलंस. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिक मेट्रोसाठी २०९२ कोटी जाहीर झाले, तेव्हा मी इथे पेढे वाटले होते. पण त्या भरवशावर वयाचे गुण घालवू नकोस. त्यापेक्षा आहेस तिथेच ओसीसीत बदली माग, सहा महिन्यांची का होईना. तो अनुभव इथे डेपोतून वर चढताना उपयोगी पडेल.

आईचं. आईवडिलांसाठी सुपर व्हिसा असतो, एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहता येतं. त्याला तुझं ठरावीक उत्पन्न आणि त्यांचा आरोग्य विमा लागतो. म्हणजे तू स्थिरावल्यावरच ते होईल, दोन-तीन वर्षं धर. निफाडला पारा उतरला की आपण शेकोट्या पेटवतो, ती थंडी इथल्या थंडीपुढे काहीच नाही. माझ्या आईला मी पहिल्यांदा जानेवारीत आणलं आणि ती पंधरा दिवस खिडकीपाशी बसून राहिली. तुझ्या आईला मे महिन्यात आण.