गणपतीला घरी जातो, असं लिहिलंस म्हणून

प्रिय पोरा,

तुझा रात्रीचा मेसेज सकाळी वाचला. "काका, गणपतीला घरी जातो आणि बहुतेक परत येत नाही, अमरावतीला बघतो कुठंतरी." एवढंच लिहिलंयस, पण त्याच्यामागं महिनाभराचं काय काय साठलं असेल ते कळतंय मला, म्हणून व्हॉट्सअपवर दोन ओळीत उत्तर न देता निवांत बसून लिहायलोय.

घरी जायचं असेल तर खुशाल जा. कोल्हापुरातनं महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये आज बसलं की उद्या अकोला, म्हणजे चार दिवसांच्या सुट्टीतला बराच वेळ गाडीतच जाणार हे धरून चाल, आणि रिझर्वेशन आत्ताच बघ, गणपतीत मिळत नाही. पण परतीचं तिकीट पण आत्ताच काढ. प्रवेशाचे कॅप राउंड संपलेत, ऍडमिशन सोडलीस तर हे वर्ष गेलं, आणि एवढा मोठा निर्णय दीड महिन्याच्या अनुभवावर, तेही रात्री झोप न लागता, घ्यायचा नाही. पहिली सेमिस्टर होऊ दे. त्यानंतरही नको वाटलं तर तुझ्या बाबांशी मी स्वतः बोलतो, हा माझा शब्द.

मी विद्यापीठात डिपार्टमेंटच्या लॅबमध्ये इतकी वर्षं आहे, दरवर्षी लांबची पोरं येताना बघतो. नांदेड, बुलडाणा, गडचिरोली, कुठनं कुठनं येतात. त्यात जी पोरं टिकतात ती जास्त हुशार असतात असं काही नाही बरं का. माझ्या बघण्यात आलेली गोष्ट एकच, ज्या पोराची कुणीतरी रोज वाट बघतंय ते पोरगं टिकतं. म्हणजे काय, तर मेसमध्ये एक दिवस दिसला नाही तर मावशी विचारतात, आज का नाही आला रे. ग्राउंडवर नाही दिसला तर कोणतरी रूमवर येऊन दार वाजवतं. तुला अजून तसं इथं कुणी नाही, खरं दुखणं ते आहे असं मला वाटतं. कारण तू डबा रूमवर मागवतोस, हेडफोन घालून जेवतोस, लेक्चर संपलं की सरळ हॉस्टेल. अशानं चार महिने काय, चार वर्षं राहिलास तरी कोल्हापूर परकंच राहणार.

तेव्हा पहिलं काम, डबा बंद कर आणि मेसला बसून जेव, रोज ठरलेल्या वेळेला. तिखट लागतंय म्हणालास. अरे तुम्ही वऱ्हाडातली माणसं तिखटाला घाबरणारी न्हवं, पण इथली कांदा-लसूण चटणी आमटीत पण असते, भाजीत पण असते, पोटाला सवय व्हायला वेळ लागतो. सांग की मावशींना, कमी घाला म्हणून, घालतील. आणि इथल्या माणसांचा आवाज चढा असतो, हक्कानं "काय रं, कुठं निघालास?" विचारतात, ते भांडण नसतंय, चौकशी असते. हळूहळू तूही तसाच बोलायला लागशील.

दुसरं इंग्रजीचं. हे तू मेसेजमध्ये लिहिलं नाहीस पण तुझी आई बोलली. बारावीपर्यंत मराठीत डोकं चाललेलं, इथं एकदम सगळं इंग्रजीतनं, सर फळ्यावर भराभरा लिहून पुढं जातात आणि वर्गात सगळ्यांनाच कळतंय असं वाटतं. नाही कळत. चंदगड, शाहूवाडी, राधानगरीकडनं आलेली पोरं तुझ्याच बाकाच्या आसपास बसलेत आणि तीही तुझ्यासारखीच मान हलवत बसलेत. त्यातली दोघंतिघं शोध आणि संध्याकाळी जेवायच्या आधी तासभर त्या दिवसाचं लेक्चर एकमेकांना मराठीत समजावून सांगा, मग इंग्रजीत लिहा. पेपर इंग्रजीत लिहायचाय पण समजून घ्यायला कुठली भाषा वापरायची यावर कुणाची बंदी नाही. वर्गात हात वर करायचा धीर होत नसेल तर तास संपल्यावर सरांना गाठ आणि सरळ मराठीत विचार. मी रोज बघतो, असं विचारायला येणारं पोरगं सरांना आवडतं, त्याचं नाव लक्षात राहतं. परत तेच, कुणीतरी ओळखायला लागतं. बसायला जागा हवी तर विद्यापीठाचं खर्डेकर ग्रंथालय आहेच की, एवढी मोठी लायब्ररी तुझ्या दारात आहे, रूमवर पडून अभ्यास होत नाही.

पावसानं पण मन खातं, हे इथं वाढलेली माणसं मान्य करत नाहीत पण लांबनं आलेल्याला फार जाणवतं. अकोल्याच्या उन्हातनं आलेल्याला महिना महिना ऊन न दिसणं, कपडे न वाळणं, अंथरूण गार लागणं, याचा त्रास होणारच. दसऱ्यापर्यंत हवा बदलते, तोवर संध्याकाळी उघडीप मिळाली की बाहेर पडत जा. आणि पंचगंगेला पाणी वाढलं की टीव्हीवर अख्खं कोल्हापूर बुडाल्यासारखं दाखवतात, आई घाबरते. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे लक्षात ठेव, बातमी लागायच्या आधी तूच फोन करून सांग की कॅम्पस उंचावर माळावर आहे, मी बरा आहे. मात्र तेव्हा प्रवासाला निघायचं नाही, २०१९ च्या पुरात हायवे सुद्धा बंद पडलेला.

पैशाचं थोडक्यात सांगतो. वाढदिवसाची वर्गणी, पन्हाळ्याची ट्रिप, सगळ्याला हो म्हणायची गरज नाही, "या महिन्यात जमत नाही" एवढं बोललास की पुरे, खोटी कारणं देऊ नकोस.

आणि आपण इथं उपरे आहोत हे डोक्यातनं काढ. बाहेरच्या गावच्या पोरांना राहायला-जेवायला जागा द्यायची हे या शहराला नवं नाही. शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं, त्यानंतर जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेक समाजाची बोर्डिंगं उभी राहिली, १९०८ ला मिस क्लार्क होस्टेल अस्पृश्य मुलांसाठी. खेड्यातलं पोरगं हुशार असतं पण शहरात टेकायला जागा नाही म्हणून शिक्षण सोडतं, हे त्यांनी ओळखलं होतं. कर्मवीर भाऊराव पाटील इथंच जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकले आणि पुढं त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. एकदा दसरा चौकात जाऊन उभा रहा, त्यातली काही बोर्डिंगं आजही दिसतील. तुझ्या वयाची किती पोरं तिथं घरची आठवण काढत झोपली असतील.

एक गोष्ट गंभीरपणे सांगायलोय, ती नीट वाच. आठवण येणं, रडू येणं हे चालतंय, पण आठवड्यामागनं आठवडे झोपच नाही, जेवण जात नाही, जगण्यातच काही अर्थ वाटत नाही असं झालं तर गप्प बसायचं नाही. मला कितीही वाजता फोन कर. माझ्याशी बोलायचं नसेल तर १४४१६ ला लाव, टेलिमानस म्हणून सरकारची सेवा आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं. ताप आल्यावर डॉक्टरकडं जातोस ना, तसंच समज.

घरी रोज फोन कर पण झोपायच्या वेळेला नको, जेवणाच्या आधी कर. रात्री उशिरा आईचा आवाज ऐकला की दोघांचीही झोप जाते, आणि मग तू दीड वाजता मेसेज लिहीत बसतोस.

रविवारी बाराच्या आत घरी ये. काकूंना सांगितलंय, तांबडा-पांढरा करणार आहेत, तुझ्या वाटीत तिखट बेतानं. येताना बाबांचं उत्पन्नाचं सर्टिफिकेट, सातबारा आणि बँक पासबुकची झेरॉक्स आण. बाबा अल्पभूधारक आहेत, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यात तू बसतोस का ते सरकारच्या महाडीबीटी साईटवर बघून फॉर्म तिथंच भरून टाकू, शेवटच्या तारखेची वाट बघायची नाही, साईट तेव्हा चालत नाही. ज्याच्याबरोबर अभ्यास करणार आहेस तो चंदगडचा किंवा कुठला पोरगा असेल त्यालाही घेऊन ये.

— काका