बेळगाव महानगरपालिका आणि भोवतालच्या ग्रामपंचायती मिळून शहररचना सुधारू शकतील का?

महानगरपालिका आणि लगतच्या पंचायतींनी शहररचनेसाठी एकत्र काम करणे व्यवहार्य आहे का, की बुडासारखे (बेळगाव नगरविकास प्राधिकरण) प्राधिकरण असताना त्याची गरजच उरत नाही, असे आपण विचारले आहे. घरांचे आणि लेआउटचे नकाशे काढणे हा माझा व्यवसाय असून माझी कामे शहरात, तशीच हिंडलगा, कंग्राळी, मच्छे या भागांतही चालतात. गरज आहे असेच मी म्हणेन, आणि ती आराखड्यापेक्षा त्यानंतरच्या कामांत अधिक आहे.

कर्नाटकाच्या १९६१ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याखाली बुडा जमिनीचा वापर आणि मुख्य रस्त्यांच्या रेषा ठरवते. मात्र गटार किती खोल, फुटपाथ किती रुंद, दिव्याचा खांब आणि झाड नेमके कुठे, हे ज्याच्या ताब्यात रस्ता असेल त्याच्यावर अवलंबून राहते. वेंगुर्ला रस्ताच घ्या. शहरातून निघालेला माणूस कॅम्पात कँटोन्मेंट बोर्डाच्या हद्दीतून जातो, मग हिंडलगा आणि सुळगा पंचायतींच्या हद्दी लागतात, आणि बाची ओलांडून शिनोळीला पोहोचला की राज्यच बदलते. सीमावादाचे काय व्हायचे ते होवो, तोवर या रस्त्याने पायी चालणाऱ्याला सलग फुटपाथ मिळायला कोणाची हरकत नसावी.

खरी कसोटी बळ्ळारी नाल्याची आहे. येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारांतून हलग्याकडे जाणाऱ्या या नाल्याचे पाणी जवळजवळ दर पावसाळ्यात भातात शिरते आणि मग गाळ काढण्याची मागणी होते. गाळ काढलाच पाहिजे. पण एकाच संस्थेने आपल्या हद्दीतला पट्टा मोकळा केला, तर पाणी तेवढ्याच वेगाने खालच्या गावच्या शेतात जाऊन थांबते. शिवाय काठच्या सखल जमिनीवर भराव टाकून उभे राहिलेले लेआउट एकेकटे पाहिले तर कागदोपत्री निर्दोष असू शकतात, आणि तरीही सगळे मिळून पाण्याची पसरण्याची जागा बळकावतात. काठापासून किती अंतरात भराव चालणार नाही, मोरीचे तोंड किती रुंद हवे, नव्या लेआउटने पावसाचे पाणी किती वेळ आपल्याच आवारात थोपवायचे, हे नियम उगमाकडून खालपर्यंत सारखे असतील तरच त्यांचा उपयोग आहे.

कायद्यात वाट आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समितीवर पंचायती आणि नगरपालिका यांच्या सामाईक हिताच्या बाबी, त्यात स्थलीय नियोजन आणि पाणीवाटप, सोपवल्या आहेत. महानगर नियोजन समितीसाठी मात्र दहा लाखांची लोकसंख्या लागते आणि २०११ च्या जनगणनेत बेळगाव त्याच्या बरेच खाली होते. त्यातच २०२१ मध्ये मुदत संपल्यावर जिल्हा पंचायतीची निवडणूक लांबत गेली, त्यामुळे तिच्या सदस्यांवर अवलंबून असलेल्या जिल्हा नियोजन समितीची वाट पाहत बसण्यात मला अर्थ दिसत नाही.

इंग्लंडमधील ग्रेटर मँचेस्टरच्या दहा परिषदांनी (तिथल्या नगरपालिकांनी) २०१४ मध्ये संयुक्त आराखडा हाती घेतला. २०२० मध्ये स्टॉकपोर्ट बाहेर पडले आणि उरलेल्या नऊ जणांचा आराखडा मार्च २०२४ मध्ये मंजूर झाला. कोणाच्या जमिनीवर किती घरे, हा विषय आला की शेजारी दुरावतात, हे त्यावरून दिसते. म्हणूनच आपल्याकडे सुरुवात जमिनीच्या वाटपापासून न करता एका नाल्यापासून आणि एका रस्त्यापासून व्हावी, असे माझे मत आहे.

त्यासाठी प्रत्येक संस्थेने नाल्याची आणि रस्त्याची मापे दाखवणारी एकच आकृती जोडलेला समान ठराव करावा आणि बुडाने ती लेआउट मंजुरीची अट म्हणून लावावी. ग्रामसभेत ती आकृती कन्नडबरोबर मराठीतही मांडली जावी, कारण भराव टाकणारा आणि शेत बुडणारा असे दोघेही तिथेच बसलेले असतात. देखभालीच्या खर्चाची वाटणी मात्र पहिल्याच ठरावात लिहून घ्यावी. तो मुद्दा पुढे ढकलला की बाकीचे सहकार्य पहिल्या पावसापर्यंतच टिकते.