मुलींवरचं सुंदर दिसण्याचं प्रेशर कवितेत कसं येतं?

मार्ज पिअर्सी या अमेरिकन कवयित्रीची 'बार्बी डॉल' नक्की वाचा, 1973 च्या 'टू बी ऑफ यूज' संग्रहात आहे, छोटीशीच पण अंगावर येते. लहानपणी मुलीला बाहुल्या, खेळण्यातली इस्त्री, लिपस्टिक मिळते, मग वयात येताना वर्गातलं कुणीतरी म्हणतं तुझं नाक केवढं, पाय किती जाड, आणि झालं. पोरगी हुशार, तब्येतीने धडधाकट, तरी सगळ्यांची माफी मागत फिरते. डाएट कर, व्यायाम कर, हसत राहा, सल्ले सुरूच. शेवटी ती नाक आणि पायच कापून देऊन टाकते. मग शवपेटीत मेकअप करून, पुट्टीचं अपरं नाक लावून ठेवल्यावर लोक म्हणतात, छान दिसतेय ना! मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे की सल्ले देणाऱ्या कुणालाच कवितेत नाव नाही, आणि त्या मुलीलाही नाही.