जमीर की बीजान?

प्रश्न : काका, सप्टेंबर ते जानेवारी आमच्याकडे अमेरिकन फुटबॉलवरून एकच भांडण. मुलगा डेट्रॉइट लायन्सवाला, त्याच्या मते जमीर गिब्ज सगळ्यांत भारी. अटलांटाहून भाचा फोनवर सांगतो, फाल्कन्सच्या बीजान रॉबिन्सनपुढे कुणी उभा राहणार नाही. दोघंही मला पंच करतात आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. निकाल द्या.
(एक आई, नोव्हाय, मिशिगन)

उत्तर : ताई, पोरांनी भांडायला जोडी मात्र तोडीस तोड निवडली आहे. दोघांच्या वयात दोन महिन्यांचंही अंतर नाही. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ कॉलेजचे खेळाडू पाळीपाळीने निवडतात त्यात, बीजान आठवा गेला, जमीर बारावा. मुलगा तुमच्यापुढे २०२४ चे आकडे नाचवत असेल. जमीरने २५० वेळा चेंडू घेऊन पळत १,४१२ यार्ड काढले, बीजानने ३०४ वेळा घेऊन १,४५६. सरासरी ५.६ विरुद्ध ४.८. झालं, चिरंजीव जिंकले!

पण त्यांना विचारा, वाट कुणी करून दिली? रनिंग बॅकचं, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्या या दोघांसारख्यांचं, निम्मं काम पुढचे पाच धिप्पाड गडी, म्हणजे लाइन, करतात, आणि लायन्सच्या लाइनमध्ये पेनेइ स्यूएल आहे. दुसरा रनिंग बॅक सेक्वॉन बार्कली, त्याचंच बघा. २०२३ मध्ये जायंट्सकडून ९६२ यार्ड. पुढच्या वर्षी ईगल्सच्या लाइनमागे उभा राहिला आणि २,००५! माणूस तोच, पाय तेच. शिवाय गर्दीत घुसून दोन यार्ड रेटायची हमाली डेट्रॉइटमध्ये तेव्हा बरीचशी डेव्हिड मॉन्टगोमेरी करत होता.

भाच्यालाही फार चढू देऊ नका. ५ जानेवारी २०२५ ला मॉन्टगोमेरी दुखापतीने बाहेर होता, तर जमीरने व्हायकिंग्जविरुद्ध एकट्याने २३ वेळा चेंडू वाहिला. १३९ यार्ड, आणि चार टचडाउन, म्हणजे चेंडू चार वेळा शेवटच्या रेषेपलीकडे; त्यातला एक झेल घेऊन. नव्वद किलोच्या पोराला हा भार झेपेल का, ही शंका त्या रात्री मिटली.

मी लायन्सच्या जुन्या मैदानाच्या, सिल्व्हरडोमच्या काळापासून त्यांचा, तरी माझं मत बीजानला. पुढच्या सामन्यात चेंडू हातात आल्यावरची पहिली दोन पावलं तेवढी बघा. जमीरला फट दिसली की तो गेलाच. चाळीस यार्ड ४.३६ सेकंदांत, बीजानला ४.४६ लागले होते. पण फटच बुजली तर? बीजान तिथल्या तिथे थबकतो, कंबर फिरवतो आणि भलतीकडूनच निघतो. अंगावर आलेला पहिला गडी एकट्याने त्याला सहसा पाडू शकत नाही. आयती वाट नसताना चार यार्ड काढणारा मला जास्त गुणी वाटतो. पंचविशीनंतर वेग हळूहळू उतरतो, ही नजर उतरत नाही.

तरी मुलाला सांगा, टचडाउन त्या वर्षी जमीरचेच जास्त होते. वीस. घरात शांतता राहील.

प्रश्न : लायन्सच्या बॅरी सँडर्सचा एका हंगामात पळून काढलेल्या यार्डांचा कॉलेजमधला विक्रम बॉयझी स्टेटच्या ॲश्टन जेंटीने जवळजवळ मोडलाच होता ना?
(एक विद्यार्थी, बॉयझी)

उत्तर : २७ यार्ड कमी पडले. पण २०२४ मधले जेंटीचे २,६०१ यार्ड चौदा सामन्यांतले, सँडर्सचे १९८८ चे २,६२८ अकरा सामन्यांतले. तेव्हा हंगामाअखेरच्या बोल सामन्यातले यार्ड हंगामात धरत नसत. ते धरले तर सँडर्सचे २,८५० होतात. जेंटी मोठा खेळाडू आहे, वाद नाही. पण ‘जवळजवळ’ हा शब्द जपून वापरा.