पानाचा स्वतःचा रंग वजा केलास का?

प्रश्न : बाई, मी टीवायबीएस्सीला आहे, केमिस्ट्री. प्रोजेक्टसाठी सोसायटीतल्या शेवग्याची पानं वाळवली. १० ग्रॅम पावडर १०० मिली मिथेनॉलमध्ये भिजवून गाळली, म्हणजे अर्क मिलीला १०० मिलिग्रॅम असं धरून डीपीपीएच टेस्ट (अँटिऑक्सिडंट ताकद मोजायची रंगाची चाचणी) लावली. मिलीला २०० मायक्रोग्रॅमला रंग ७० टक्के उतरला, पण ५०० ला ६३! तुलनेसाठी लावलेल्या व्हिटॅमिन सीचा आलेख मात्र छान चढता आला. आमची आजी रोज ही पावडर खाते. या आकड्यांवरून तिला किती चमचे ते सांगता येईल का?
— एक विद्यार्थिनी, कोपरखैरणे

उत्तर : अगं, पेरूच्या पानांवर काम करताना याच खड्ड्यात मी आठ दिवस पडून होते. नौपाड्यातल्या घरी येऊन 'पानंच बिघडली' म्हणून कुरकुरायचे. पानं चांगली होती.

डीपीपीएच गडद जांभळं. अर्काने त्याला हायड्रोजन दिला की ते पिवळट होतं आणि ५१७ नॅनोमीटरला किती प्रकाश शोषला गेला, ते रीडिंग उतरतं. पण प्रकाश डीपीपीएचने खाल्ला की पानाने, हे यंत्राला कुठे कळतं? व्हिटॅमिन सी रंगहीन, म्हणून ते शहाण्यासारखं वागलं. ५१७ ला क्लोरोफिल फारसं शोषत नाही हे खरं, पण अर्क दाट झाला की ते 'फारसं नाही'सुद्धा अंगावर येतं. त्यात गढूळपणा असला तर बघायलाच नको.

पत्राच्या समासात तू पेन्सिलीने लिहिलंयस : 'नुसता अर्क + मिथेनॉल, ५०० ला ०.२२०, २०० ला ०.०८८. वापरलं नाही.' पोरी, उत्तर तिथेच होतं! तुझा कंट्रोल, म्हणजे अर्काशिवाय नुसतं डीपीपीएच, ०.८४०. ५०० ला आलेल्या ०.३१० मधून ०.२२० काढ, उरतं ०.०९०, म्हणजे ८९ टक्के. २०० ला ०.२५२ मधून ०.०८८ गेले, ०.१६४ उरले, ८० टक्के. झाला की नाही आलेख चढता? दर तीव्रतेला असा वेगळा ब्लँक, म्हणजे डीपीपीएचशिवाय नुसता अर्क, लाव.

यापेक्षा मोठी चूक तू विचारलेलीच नाहीस. मिलीला १०० मिलिग्रॅम हे पावडरीचं वजन झालं, अर्काचं नव्हे. चोथा तर तू फेकून दिलास! रिकामी बशी तोलून घे, त्यात फिल्टरमधून उतरलेला १० मिली अर्क घाल, फ्यूम हूडखाली वॉटर बाथवर आटव, वजन स्थिर होईपर्यंत पुन्हा तोल. उघड्या ज्योतीवर अजिबात नाही, मिथेनॉल भडकतं आणि विषारीही आहे. समजा ०.१२ ग्रॅम उरलं, तर मिलीला १२ मिलिग्रॅम. मग तुझे ५०० मायक्रोग्रॅम प्रत्यक्षात ६० च. आयसी५० (डीपीपीएच निम्म्यावर आणणारी तीव्रता) लिहिण्याआधी हे कर, नाहीतर व्हिटॅमिन सीशी तुलना कशाची करणार?

डीपीपीएच त्याच दिवशी बनव, बाटलीला फॉइल गुंडाळ, मिसळल्यावर ३० मिनिटं अंधारात ठेव. कंट्रोलही शेवटी पुन्हा वाच. दुपारपर्यंत तोच उतरला असेल तर टक्के फसवे. आणि पानं पावसाळ्यात गॅलरीत वाळवली असशील तर काळी पडलेली वेगळी काढ. नवी मुंबईच्या जुलैत सावलीत पान वाळत नाही, कुजतं.

आजीचं म्हणशील तर, नाही सांगता येणार. डीपीपीएच हा बाटलीतला पदार्थ, तो आजीच्या रक्तात नाही. क्युव्हेटला, म्हणजे रीडिंगच्या त्या छोट्या नळीला, पोट नसतं, यकृत नसतं, पान पचून त्यातलं किती रक्तात पोचतं हे त्यात दिसत नाही. शेवग्याच्या पाल्याची भाजी आजीला खुशाल खाऊ दे. पावडर रोज घ्यायची असेल आणि रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना पुडी दाखव, आलेख नको.